खडे मिळाले, पित्ताशय कुठे गेले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस गोव्यातल्या वैद्यकीय संशोधनावर चर्चा चालली आहे. कोणी म्हणते मोठे संशोधन केंद्र हवे, कोणी म्हणते परदेशी यंत्रे आणा, कोणाला वाटते की हुशार मुलांना बाहेर पाठवल्याशिवाय काही व्हायचे नाही. असेल. मी डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. एकतीस वर्षे एका इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होतो. ऑपरेशनमध्ये काढलेला ‘तुकडा तपासायला पाठवला’ असे लोक म्हणतात ना, तो तुकडा ज्याच्या टेबलावर येऊन पडतो तो माणूस मी. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. या चर्चेत कोणी काढला नाही असा एकच मुद्दा माझ्यापाशी आहे आणि तो फार साधा आहे. संशोधन सुरू होते ते ऑपरेशन थिएटरच्या दारात, एका बाटलीपाशी आणि एका फॉर्मपाशी. आपले घोडे तिथेच अडते.

आधी बाटलीविषयी. त्या बाटलीत फॉर्मेलिन असते. गोव्यात हा शब्द घरोघरी पोचला तो २०१८ च्या जुलैत, मासळीच्या कृपेने. मासळी टिकवायला फॉर्मेलिन वापरतात असा संशय आला आणि परराज्यांतून येणारी मासळी सरकारने काही दिवस बंद केली, तेव्हा बाजारातल्या ओळखीच्या मासेविक्रेत्या बाया मला थांबवून विचारायच्या, “तुम्ही रोज त्यातच हात घालता ना? मग तुम्हाला कसे काही होत नाही?” मासळीत ते नकोच, पण माणसाच्या शरीरातून काढलेला भाग कुजू न देता आहे तसा धरून ठेवायला त्याच्या तोडीचे स्वस्त द्रव्य अजून मिळालेले नाही. हा गुण कळला तोही जवळजवळ चुकून. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम नावाचा जर्मन डॉक्टर जंतुनाशक म्हणून फॉर्मेलिन तपासत होता. काम करता करता त्याच्या बोटांची कातडी ताठ झाली. बोटे ताठ होतात, तर मग बाकीचे मांसही होईल, असा त्याने विचार केला. आमच्या धंद्यात नवीन आलेल्या प्रत्येकाची बोटे पहिल्या महिन्यात तशीच ताठतात. फरक एवढाच, की आम्ही त्यावर व्हॅसलीन लावतो आणि विसरून जातो.

फॉर्मेलिन तुकड्यात शिरते ताशी साधारण एक मिलिमीटर. म्हणून ते तुकड्याच्या निदान दहापट हवे, बाटलीचे तोंड रुंद हवे आणि तुकडा काढल्याबरोबर त्यात पडायला हवा. माझ्या टेबलावर काय काय आले ते सांगू? पाण्याच्या बाटलीच्या अरुंद तोंडातून चिमट्याने कोंबलेले गर्भाशय. आत जाताना मऊ असते म्हणून जाते, रात्रभरात दगड होते. मग बाटली कापून काढावे लागते. सलाईनमध्ये घातलेली स्तनाची गाठ, शनिवारी दुपारी काढलेली आणि सोमवारी पोचलेली. तिचा वास मी लिहीत नाही. एकदा पेडण्याकडचा एक मनुष्य बापाच्या जिभेचा तुकडा कदंबाच्या बसमधून घेऊन आला, तो फेणीच्या बाटलीत. आत फॉर्मेलिनच होते, पण लेबल काजू फेणीचे. तो बिचारा वाटभर बाटली पोटाशी धरून बसला होता आणि शेजारचा प्रवासी त्याच्याकडे आशेने पाहत होता, हे त्यानेच हसत हसत सांगितले. हसला आणि मग रडायला लागला.

पुढचे काम आमचे. तुकड्यातले पाणी चढत्या प्रमाणातल्या अल्कोहोलने काढायचे, मग झायलीन, मग वितळलेले मेण. मेण थंड झाले की लहानसा चौकोनी ब्लॉक होतो, कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोडा मोठा. तो बर्फावर ठेवायचा, मायक्रोटोमला लावायचा आणि चाक फिरवत चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. आपले वर्तमानपत्र ज्या कागदावर छापले जाते त्याच्या एका पानाच्या जाडीत असे पंधरा काप सहज बसतील. ते एकमेकांना चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात. कोमट पाण्यावर सोडले की सुरकुत्या उलगडतात आणि दुधावरच्या सायीसारखे पसरतात. तेव्हा श्वास रोखायचा, कारण फुंकरीने दुमडतात. पंखा बंद. जूनमध्ये, वीज गेली असताना, बर्फ वितळत असताना, पंखा बंद करून ही साय काचेवर धरणे म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. आणि नंबर लिहायचा तो पेन्सिलीने. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये आणि झायलीनमध्ये धुऊन जाते, पेन्सिल राहते. माझ्या वरिष्ठांनी पहिल्या दिवशी माझ्या खिशातले पेन काढून घेतले होते. आजही मी बाजाराची यादी पेन्सिलीने लिहितो.

आता फॉर्म. बाटलीबरोबर एक कागद येतो. वय, लिंग, कुठला भाग, किती दिवसांपासून, सवयी काय, आधी ऑपरेशन झाले का, एक्स-रेत काय दिसले. एवढ्या रकान्यांत दहापैकी सहा फॉर्मांवर काय लिहिलेले असायचे? ‘नमुना: टिश्यू. निदान: लम्प.’ झाले. पोस्टाने पत्र यावे आणि पत्त्यावर ‘घर’ एवढेच लिहिलेले असावे, तसे हे.

याने काय बिघडते? एक प्रसंग सांगतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या मांडीतला तुकडा. फॉर्मवर ‘मांडीला सूज’ हे दोनच शब्द. स्लाइडमध्ये भराभर वाढणाऱ्या पेशी आणि त्यांत कच्चे हाड. हाडाचा कर्करोग असाच दिसतो. आमच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट लिहायला घेतला आणि थांबल्या. मला म्हणाल्या, वॉर्डात फोन लाव, त्याच्या आईला बोलव. आई म्हणाली, दीड महिन्यापूर्वी फुटबॉल खेळताना समोरच्याचा गुडघा बसला होता, मांडी काळीनिळी झाली होती. एक्स-रे मागवला. गाठ कडेला पक्की, हाडासारखी पांढरी आणि मध्ये कच्ची. मार लागलेल्या स्नायूत कधी कधी असे हाड धरते आणि ते आपोआप शांत होते. तुकडा नेमका मधल्या कच्च्या भागातून घेतला होता. फॉर्मवर ‘फुटबॉल’ हा एक शब्द असता तर ती धावपळ वाचली असती. आणि मॅडम थांबल्या नसत्या तर त्या पोराचे काय झाले असते, याचा विचार मी अजून पूर्ण करीत नाही.

कोणी म्हणेल, हे उपचाराचे झाले, संशोधनाचा काय संबंध? डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव नव्या पिढीला माहीत नसेल. आडनाव पाहा, पेडण्याच्या पलीकडचे. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात त्यांना. टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे होत्या. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासमवेत एक निबंध लिहिला आणि आपल्या देशातल्या चालीरीतींशी जोडलेले तीन कर्करोग जगापुढे ठेवले. धोतर वर्षानुवर्षे कंबरेला एकाच जागी घट्ट आवळल्याने कातडीला होणारा, ओठामागे खैनी धरल्याने खालच्या ओठाला होणारा आणि चुट्टा नावाच्या गावठी चिरुटाचे पेटते टोक तोंडात घेऊन ओढल्याने टाळूला होणारा. यांतले एकही नुसती स्लाइड पाहून कळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग दिसतो, धोतर दिसत नाही! कोणीतरी माणसाला विचारले असणार की बाबा, गाठ कुठे मारतोस, किती घट्ट, किती वर्षे. आणि विचारून कागदावर लिहून ठेवले असणार.

गोव्यात हे झालेच नाही असेही नाही. माझी आजी धुमटी ओढायची. फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली निमुळती विडी, आणि पेटते टोक आत. शेतात वाऱ्या-पावसात विझत नाही, शिवाय सासऱ्यासमोर तोंड मिटले की धूर दिसत नाही, हे तिचे स्पष्टीकरण. तिचा टाळू गूळ जळावा तसा काळा-तपकिरी होता. आम्ही नातवंडे ‘आ कर’ म्हणून तो पाहायचो आणि ती हौसेने दाखवायची. नोकरीत लागल्यावर ग्रंथालयात मला १९७६ सालचा एक निबंध सापडला: गोव्यातल्या ५,४४९ गावकऱ्यांची तोंडे तपासून उलट्या धुमटीचा आणि कर्करोगाआधीच्या बदलांचा घेतलेला शोध. म्हणजे कोणीतरी गावोगाव जाऊन माझ्या आजीसारख्यांना ‘आ करा’ म्हटले होते. त्याला महागडे यंत्र लागले नसेल. बॅटरी, आरसा, वही आणि चिकाटी.

विषय निघालाच आहे तर एक विषयांतर. पोटाच्या आजाराला आपण मोडशी म्हणतो. १५४३ मध्ये गोव्यात पटकीसारखी साथ आली, तिचे वर्णन गास्पर कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने करून ठेवले आहे आणि नावही तेच दिले आहे, आपल्याच लोकांच्या तोंडचे. (पुढे युरोपीय लोकांनी या शब्दाची मोडतोड करून त्याचे फ्रेंच ‘मोर द शियां’, म्हणजे कुत्र्याचे मरण, करून टाकले.) तेव्हा गव्हर्नरच्या हुकमाने वैद्यांनी एक प्रेत फाडून पाहिले. जठर आखडून कोंबडीच्या पेट्याएवढे झाले होते, बाकी काही सापडले नाही, असे तो लिहितो. आज पावणेपाचशेहून अधिक वर्षांनी आपल्याला हे कळते, कारण उघडून पाहिले आणि पाहिलेले लिहिले. काही सापडले नाही, हेसुद्धा लिहिले.

लिहिलेले सांभाळणे ही आणखी वेगळी भानगड. आम्ही नोकरी करीत होतो तिथे एका पावसाळ्यात जुन्या नोंदवह्यांना वाळवी लागली. कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल होती, कोणी पाहिले नाही. माझेही लक्ष गेले नाही. तीन वर्षांच्या वह्यांची माती झाली. ब्लॉक शाबूत होते, हजारोंनी, पेन्सिलीचे नंबर ठळक. पण कुठला नंबर कोणाचा हे सांगणारे आता काही नाही. ते ब्लॉक म्हणजे चेहरे पुसलेल्या माणसांची रांग. त्याच काळात एका बाईंचा मुलगा आला होता. आईचा स्तनाचा कर्करोग उलटला होता आणि नवे औषध चालेल की नाही ते पाहायला जुना ब्लॉक हवा होता. ती हर्टू नावाची तपासणी जुन्या ब्लॉकवर सहज होते. त्याचे साल विचारले. वाळवीतले.

मेणातला तुकडा किती टिकतो, तर अमेरिकेत १९१८ च्या फ्लूने मेलेल्या एका सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा लष्कराच्या पॅथॉलॉजी संस्थेत पडून होता. जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून त्या विषाणूच्या जनुकांचे काही तुकडे वाचले आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ७९ वर्षे! तो सैनिक मेला तेव्हा जनुक कशाचे बनते हेही कोणाला ठाऊक नव्हते. कोणीतरी एका तंत्रज्ञाने आपले काम नीट केले, नंबर घातला, फळीवर ठेवला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

तीन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी माझ्या धाकट्या बहिणीच्या पित्ताशयाचे ऑपरेशन झाले, दुर्बिणीने. इस्पितळ खासगी, नाव लिहीत नाही. डॉक्टर हाताचा चांगला, स्वभावाने त्याहून चांगला. ऑपरेशन झाल्यावर बाहेर येऊन त्यांनी भावोजींच्या हातात काचेची छोटी बाटली दिली. तीत खडे. ही आपल्याकडची रीतच आहे. खडे पाहिले की नातेवाइकांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. मी त्या संध्याकाळी गेलो. बाटली उजेडात धरली. भिजवलेल्या हरभऱ्याएवढे पिवळट खडे, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. भाच्याला खाटेजवळ उभे करून कोलेस्टेरॉलचे खडे कसे बनतात ते समजावून सांगितले. मोजले, तेवीस भरले. सगळे वाहवा करीत होते आणि मी मास्तरकी करीत होतो. पित्ताशय तपासायला पाठवले का, हा प्रश्न मी विचारला नाही. एकतीस वर्षांत मी किती पित्ताशये उभी चिरली असतील, आतले मखमली हिरवे अस्तर धुऊन, बोट फिरवून, कुठे जाड लागते का ते पाहिले असेल! त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. घरचा पेशंट असला की माणूस नातेवाईक होतो, दुसरे काय.

दहा महिन्यांनी बेंबीजवळच्या टाक्याखाली सुपारीएवढी गाठ आली. सुईने तपासली. कर्करोग. कर्करोगाच्या डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न, “पित्ताशयाचा रिपोर्ट आणि ब्लॉक कुठे आहे?” भावोजींनी माझ्याकडे पाहिले. मी ऑपरेशनच्या इस्पितळात गेलो. फाइल काढली, नीट होती, सगळी बिले होती. “नुसते खडे होते हो, म्हणून पाठवले नाही.” पित्ताशय त्याच दिवशी पिवळ्या पिशवीतून गेले, नियमाप्रमाणे, जाळायला.

खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात न कळलेला कर्करोग निघण्याचे प्रमाण पुस्तकांत शंभरात एक किंवा त्याहूनही कमी दिलेले असते. म्हणजे त्या डॉक्टरांचा अंदाज शंभरात नव्याण्णव वेळा बरोबरच येणार. पण तो एक वेळीच कळला तर हिशेब बदलतो. रोग अस्तराच्या वरच्या थरातच असेल तर झालेले ऑपरेशन बहुधा पुरते. स्नायूत किंवा त्याच्या पुढे उतरला असेल तर यकृताचा लगतचा भाग आणि आसपासच्या लसीकाग्रंथी काढायला पुन्हा जावे लागते, आणि ते लवकर. माझ्या बहिणीचा कुठल्या थरात होता? हे आता जगातले कुठलेही केंद्र, कुठलेही यंत्र सांगू शकत नाही. आणि गोव्यात अशा पित्ताशयांचे प्रमाण किती, हा कोणा विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय घ्यावासा वाटला, तर तिची नोंद त्यात कधीच येणार नाही.

दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. वरून निरोगी दिसणारे प्रत्येक पित्ताशय प्रयोगशाळेत पाठवण्याची गरज नाही, असे मानणारे सर्जन युरोपातही आहेत आणि त्यांचा युक्तिवाद खर्चाचा आहे. पण तेसुद्धा उघडून, अस्तर पाहून मग ठरवा म्हणतात. निदान एवढे तरी करावे: चिरावे, धुवावे, बोट फिरवावे आणि ‘पाहिले, अस्तर गुळगुळीत’ हे तीन शब्द फाइलमध्ये लिहावेत. यात दोन मिनिटे जातात. पाठवायचे असेल तर चिरूनच पाठवावे, नाहीतर आतले पित्तच रात्रभरात अस्तर खाऊन टाकते आणि आमच्या हाती चिखल येतो.

आरोग्य खात्याला विनंती एवढीच, की ब्लॉक आणि नोंदी किती वर्षे ठेवायच्या याचा एक लेखी नियम सरकारी-खासगी सगळ्यांना लागू करून तो पाळला जातो का ते पाहावे. अमेरिकन पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेने ब्लॉकसाठी किमान दहा वर्षे सांगितली आहेत. नोंदवह्या संगणकावर घ्या, आणि संगणक ओल्या भिंतीला टेकवू नका. ‘आमच्या माणसाच्या तुकड्यावर प्रयोग करतील’ ही भीती मी काउंटरवर खूप ऐकली आहे. उरलेल्या नमुन्यांचा संशोधनासाठी वापर कसा करावा, संमती कधी हवी, नाव कसे काढून टाकावे, नैतिकता समितीने काय पाहावे, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. ज्याला शंका आहे त्याने सही करण्याआधी खुशाल विचारावे.

आणि वाचकांनी, घरात कोणाचेही ऑपरेशन झाले, की खड्यांची बाटली बाजूला ठेवून आधी विचारावे, काढलेले कुठे पाठवले, रिपोर्ट कधी मिळेल. रिपोर्टवर एक नंबर असतो, तो घरी लिहून ठेवावा. डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तरी चालेल.

बहिणीचे उपचार चालू आहेत. एक आठवडा बरा जातो, एक नाही. ती बाटली अजून तिच्या शोकेसमध्ये आहे, ती टाकू देत नाही. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली आहे आणि तिच्यावर पेन्सिलीने तिचे नाव, वय, तारीख आणि ‘खडे २३’ असे लिहिलेले आहे. अक्षर माझे. त्या संध्याकाळी सवयीने लिहिले होते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, साखळी

(नाव-पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे. गाव लहान आहे, बहीण ओळखू येईल, म्हणून कृपया छापू नये.)